पंधरा मुहूर्तांचे पाणी
खान्देशचा उन्हाळा आणि घरातील ज्येष्ठ

वैशाख शुद्ध तृतीया हा खान्देशातील सर्वांत मोठा लोकोत्सव. येथे तिला आखाजी म्हणतात. या दिवशी घरोघरी पाण्याने भरलेली घागर पूजली जाते. घागरीवर खरबूज, आंबा आणि सांजोऱ्या ठेवून पूर्वजांचे स्मरण केले जाते. माहेरवाशिणी निंबाच्या झाडाला झोके बांधतात. त्याच दिवशी जैन घरांत वर्षीतपाचे पारणे असते. भगवान ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस अर्पण केला, त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून तपस्वी उसाचा रस घेतात. एकाच तिथीला एका अंगणात पाण्याची घागर आणि दुसऱ्या अंगणात रसाची वाटी, दोन्ही भर उन्हाळ्यात. तहानलेल्याला वेळेवर पेय मिळावे, ही दोन्हींमागील मूळ भावना आहे.

तरीही खान्देशातील अनेक घरांत उन्हाळ्यात सर्वांत कमी पाणी पिणारी व्यक्ती ही घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती असते. ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक असते, आणि आदरापोटी कोणी ती बोलून दाखवीत नाही.

जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. धुळ्यातही चाळिशी ओलांडणे ही नित्याचीच बाब. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक झाले, किंवा ते थेट ४५ अंशांवर गेले, की हवामान खाते त्यास उष्णतेची लाट म्हणते. इतरत्र ज्याला संकट म्हणतात, ते येथे ऋतुमान मानले जाते. 'आम्हांला सवय आहे' हे वाक्य दाणाबाजारापासून आग्रा रोडपर्यंत प्रत्येक दुकानात ऐकू येते. सवय खरीच असते. परंतु ती तरुण शरीराची असते. वयाच्या सत्तरीत त्याच सवयीवर विसंबणे म्हणजे जुन्या शिलकेच्या भरवशावर नवी हुंडी स्वीकारण्यासारखे आहे.

वयाचे गणित

शरीर स्वतःस थंड ठेवते ते मुख्यतः घामाने आणि त्वचेकडे वाढणाऱ्या रक्तप्रवाहाने. वय वाढते तशा या दोन्ही क्रिया मंदावतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तहानेची जाणीवच क्षीण होते. शरीरात पाणी कमी पडलेले असते, पण घसा मागत नाही. म्हणून 'तहान लागली की पिऊ' हा नियम ज्येष्ठांना लागू पडत नाही. त्यात रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांची भर पडते. रक्तातील साखर वाढली तरी शरीरातील पाणी अधिक वेगाने बाहेर जाते. खान्देशची हवा कोरडी असल्याने घाम येताक्षणीच वाळतो. त्यामुळे 'घाम आला नाही, म्हणजे पाणी गेले नाही' असा गैरसमज सहज होतो. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, साधारणतः फाल्गुनातच, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून मात्रेविषयी विचारणे हे दिवाळीपूर्वी वह्या तपासण्याइतकेच आवश्यक काम आहे. मात्र गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नयेत.

उन्हाचा धोका केवळ पाऱ्यावर अवलंबून नसतो, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी जमलेल्या समुदायातील १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. खान्देशच्या दृष्टीने तो बरा दिवस ठरला असता. परंतु उघडे मैदान, तासन्‌तास बसणे, दमट हवा आणि भर दुपारची वेळ हे सारे एकत्र आले. आलेली माणसे श्रद्धेने आली होती, आणि श्रद्धेने आलेला माणूस मध्येच उठून सावलीत जात नाही. धार्मिक कार्यक्रम योजणाऱ्या प्रत्येक संघाने नोंद घ्यावी अशी ही बाब आहे.

पंधरा मुहूर्तांचा हिशेब

जैन घरातील ज्येष्ठांपुढे उन्हाळ्यात एक वेगळा प्रश्न असतो. नवकारशीपूर्वी पाणी नाही आणि चौविहारामुळे सूर्यास्तानंतरही नाही. मेच्या मध्यास जळगावात सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, एक मुहूर्त. ती पाळल्यावर हाती उरतात सुमारे बारा तास, म्हणजे पंधरा मुहूर्त. रात्रीच्या बारा तासांची गरजही याच पंधरा मुहूर्तांत भागवावयाची असते.

अनेक घरांत काय होते? सकाळी चहा-दुधानंतर पूजा, व्याख्यान, मग पेढी. पेढीवर वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी टाळले जाते. दुपारी जेवताना दोन पेले, मग विश्रांती. सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी घरात लगबग होते आणि दोन तांबे पाणी एका दमात घशाखाली उतरते. त्यातील बरेचसे तासाभरात बाहेर पडते, रात्री दोनदा उठावे लागते, आणि पहाटे तोंडाला कोरड ती कोरडच. वर्षभराचा माल एकाच दिवशी खरेदी करून गोदाम फुटावे, तसा हा प्रकार.

याला उपाय जैन परंपरेच्या मापानेच सांगता येतो. सामायिकाचा काळही ४८ मिनिटांचाच. प्रत्येक मुहूर्तास दीडशे मिलिलिटरचा एक लहान पेला घेतला, तर पंधरा मुहूर्तांत सव्वादोन लिटर पाणी पोटात जाते, आणि तेही शरीराला पेलवेल अशा गतीने. सामायिकास बसण्यापूर्वी एक पेला, सामायिक पारल्यावर एक पेला, एवढा नेम ठेवला तरी निम्मे काम होते. पेढीवर बसणाऱ्यांनी गल्ल्याशेजारी भरलेली बाटली ठेवावी आणि दुपारी घरी जाताना ती रिकामी असावी. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, त्यांनी अर्थातच डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच चालावे. इतरांसाठी सोपी कसोटी अशी, की लघवीचा रंग फिकट असला तर हिशेब जुळला. गडद पिवळा असला तर तूट आली.

उकळलेले पाणी पिणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. पाणी कोमटच राहिले तर ते प्यावेसे वाटत नाही. पहाटे उकळून, पसरट परातीत निववून, मग झाकून गार जागी ठेवले तर दिवसभर ते घशाला सुखावते. ग्रीष्मात उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा पाच प्रहरांची, म्हणजे पंधरा तासांची मानली आहे. पहाटे उकळलेले पाणी सूर्यास्तापर्यंत पुरते.

पाण्यासोबत ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत यांची जोड असावी. खान्देशात उन्हात निघताना कांदा जवळ बाळगण्याची रीत आहे. जैन घरांत कांदा नसतो, म्हणून आपण काही गमावतो असे कोणी मानू नये. खिशातला कांदा शरीराची उष्णता कमी करीत नाही. फार घाम गेला किंवा जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण उपयोगी पडते. चमचा चहाचा समजावा. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी याविषयी डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

व्रत आणि शक्ती

येथेच खरा नाजूक प्रश्न उभा राहतो. चैत्र शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपद ओळीची आयंबिले, त्रयोदशीस महावीर जन्मकल्याणकाची शोभायात्रा, वैशाखात वर्षीतपाची सांगता, अशी उन्हाळ्याची तिथीमालिका आहे. तपस्व्यांमध्ये ज्येष्ठांची, विशेषतः ज्येष्ठ श्राविकांची, संख्या मोठी असते. वीस-पंचवीस वर्षे अखंड चाललेला नेम यंदा सोडावा, असे सासूबाईंना सुनेने कसे सांगावे? मुलगा विचारतो, तेव्हा 'माझी काळजी करू नकोस' हे ठरलेले उत्तर मिळते, आणि विषय तेथेच संपतो.

परंतु या विषयावर शास्त्र मौन नाही. सर्व परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात त्याग आणि तप यांचा उल्लेख शक्तीनुसार असाच आहे. रात्रीच्या पच्चक्खाणातही पायऱ्या आहेत: चौविहारात चारही आहारांचा त्याग असतो, तर तिविहारात पाणी मोकळे राहते. पच्चक्खाणाच्या पाठात आगार, म्हणजे सवलती, मुळातच नोंदलेले आहेत. त्यांतील सर्वसमाधीच्या आगारात, तीव्र व्याधीमुळे चित्ताची समाधी ढळत असता औषध घेतल्याने व्रतभंग मानला जात नाही. व्रताची रचना करणाऱ्यांनी मानवी देहाची मर्यादा आधीच हिशेबात धरली होती. कर्जाच्या करारात जसे अपवादाचे कलम सहीपूर्वीच लिहिलेले असते, तसेच हे आहे. ते वापरणे म्हणजे करार मोडणे नव्हे.

म्हणून ज्यांना चक्कर येते, ज्यांच्या गोळ्या रात्री घ्यावयाच्या आहेत, ज्यांचा रक्तदाब उन्हाळ्यात खाली जातो, त्यांनी उष्णतेचे दोन महिने तिविहार करावा काय, ओळीतील आयंबिले किती करावीत, हे गुरुभगवंतांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारून ठरवावे. विचारण्याची जबाबदारी ज्येष्ठांवर टाकू नये. ते विचारणार नाहीत. घरातील कर्त्या माणसाने त्यांना सोबत घेऊन जावे आणि त्यांच्या देखत विचारावे. गुरुमुखातून आलेला शब्द घरातील दहा विनवण्यांपेक्षा अधिक मानला जातो. संघानेही तपाची अनुमोदना करताना, प्रकृतीस जपून केलेल्या लहान तपाचा तितकाच सन्मान करावयास हवा.

दिवस उलटा मांडावा

सुरक्षितता म्हणजे ज्येष्ठांना खोलीत कोंडून ठेवणे नव्हे. दोन महिने पंख्याखाली पडून राहिलेल्या माणसाची भूक जाते, पाय आखडतात आणि मन उदास होते. उन्हाळा आनंदात घालवावयाचा असेल तर दिवसाची मांडणी बदलावी. कामे तीच ठेवावीत, वेळ बदलावी.

सकाळचे सहा ते साडेआठ हा सोन्याचा काळ. जळगावात मेहरूण तलावाचा काठ किंवा भाऊंचे उद्यान, धुळ्यात पांझरेचा काठ या वेळी सुखद असतो. चालणे मित्रमंडळीसह असावे. एकट्याने फिरणाऱ्यास घेरी आली तर कळणार कोणाला? नवकारशीपूर्वी चालणाऱ्यांनी फेरी लहान ठेवावी आणि लांब फेरी पाणी घेतल्यानंतरच करावी. गच्चीवरील उन्हाळी कामे, म्हणजे पापड, शेवया, कुरडया आणि खान्देशची खास ज्वारीची बिबडी, हा ज्येष्ठ महिलांच्या अनुभवाचा प्रांत. पीठ किती शिजले हे त्यांच्या बोटांनाच कळते. त्यांनी सावलीत बसून लाटावे, घालावे आणि सांगावे; कडक उन्हात वाळवण उलथण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. नऊनंतर गच्ची फक्त वाळवणाची.

दुपारी बारा ते पाच हा काळ घरात. पेढीची किल्ली ज्येष्ठांकडे असेल तर त्यांनी साडेअकराच्या आत घरी परतावे. दीड वाजता भर उन्हात दुचाकीच्या मागील आसनावर बसून येऊ नये. या काळात घरात सुटीसाठी आलेली नातवंडे असतात, आणि त्यांना देण्यासारखे धन आजोबांपाशी असते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आज कोणत्या शाळेत शिकवितात? जमेची बाजू, नावेची बाजू, हुंडी म्हणजे काय, व्याजाचा तोंडी हिशेब कसा करावा, हे सारे एका उन्हाळ्यात शिकवून होते. गणकयंत्रावर बोटे फिरण्यापूर्वी आजोबांनी उत्तर सांगितले की नातवाच्या डोळ्यांत जे कौतुक उमटते, ते कोणत्याही औषधापेक्षा अधिक बळ देते. दुपार बाहेरच घालवावयाची झाली तर ती छपराखाली असावी. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ हे २०१२ साली खुले झालेले संग्रहालय, किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, ही ठिकाणे नातवंडांसह पाहण्याजोगी आहेत. पण निघावे सकाळीच. लळिंगचा किल्ला मात्र पावसाळ्यानंतरसाठी राखून ठेवावा.

संध्याकाळ स्वाध्यायाची, प्रतिक्रमणाची, गाण्यांची. आखाजीचे झोके आणि गौराईची गाणी ज्यांना पाठ आहेत, त्या आजींना अंगणात खुर्ची टाकून बसवावे. गाणी पुढे जातील आणि आजींचा कंठही मोकळा राहील.

घर गार ठेवण्याची विद्या

खान्देशची जुनी घरे धाब्याची होती. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर आणि जाड भिंती, त्यामुळे दुपारी आत गारवा असे. आता खाली दुकान आणि वर सिमेंटचा स्लॅब. हा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडीत राहतो. शांतता मिळावी म्हणून ज्येष्ठांची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असेल, तर ती उन्हाळ्यापुरती खाली आणावी. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा वा ऊन परतवणाऱ्या रंगाचा हात दिला तर खालची खोली गार राहण्यास मदत होते.

कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. मात्र समोरची खिडकी किंचित उघडी हवी, अन्यथा खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओल्या पंचाने पुसून मग वाऱ्यात बसावे. वीज गेली तर कोठे जावयाचे, कोणाच्या घरी इन्व्हर्टर आहे, हे आधीच ठरलेले असावे.

संघ हीच वसाहत

पुण्यासारख्या शहरांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेथे परिचारिका, एकत्र भोजन, ठरलेले कार्यक्रम असतात. खान्देशात हे काम स्थानक, उपाश्रय, मंदिर आणि ज्येष्ठ नागरिक संघ करू शकतात, कारण माणसे तेथे रोज जमतातच. मे २०१० मधील प्राणघातक उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा नगरव्यापी आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला मानला जातो. आधी इशारा, पाण्याची सोय आणि डॉक्टर-परिचारिकांची पूर्वतयारी, हे त्याचे मूळ सूत्र. संघाला हेच लहान प्रमाणात करता येते. शोभायात्रा सकाळी आठच्या आत पूर्ण व्हावी; ज्येष्ठांसाठी वाहन असावे; वाटेत सावली आणि पाणी असावे. पारण्याचा मंडप पत्र्याचा नसावा. आणि ज्यांची मुले पुणे-मुंबईस वा परदेशी आहेत, अशा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून, दुपारी चार वाजता प्रत्येकास एका तरुणाने दूरध्वनी करावा. उत्तर आले नाही तर दारात जावे. पाणपोई बांधणारा हा समाज आहे. दोन मिनिटांचा हा दूरध्वनी त्याच पाणपोईचे आजचे रूप आहे.

जेव्हा क्षण महत्त्वाचे असतात

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे, थकवा ही पहिली सूचना. अशा वेळी गार जागी निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, घोटघोट पाणी द्यावे. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्यांना ओळखेना, अंग तापून लाल झाले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांवर, म्हणजे १०४ फॅरनहाइटवर, गेलेले असू शकते. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. जाड कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मानेला, काखेत आणि जांघेत ओले गार कापड वा बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्यास तोंडाने काहीही देऊ नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही. ही वेळ सूर्यास्तानंतरची असली तर घरातील कोणीही क्षणभर थबकू नये. सर्वसमाधीचा आगार नेमका अशाच क्षणासाठी आहे.

आखाजीची घागर भरताना खान्देशची स्त्री गेलेल्यांची तहान आठवते. ही रीत सुंदर आहे. मात्र घागर भरून झाल्यावर तिने आणि तिच्या कर्त्या पुरुषाने घरातील जित्या वडीलधाऱ्यांकडेही एकदा पाहावे. त्यांच्या हाताशी पेला आहे काय, तो किती वाजता रिकामा झाला, आजच्या पंधरा मुहूर्तांपैकी किती सरले आणि किती पेले झाले, एवढे विचारावे. हा हिशेब रोज सूर्यास्तापूर्वी जुळला पाहिजे. यातील तूट उद्याच्या खात्यावर ओढता येत नाही.